वाड्यात आपल्या आधी कोण राहत होतं, हे शोधायचं कसं?

विचारणा थोडक्यात अशी: पुण्याच्या शनिवार पेठेतला वाडा आजोबांनी १९३५च्या आसपास विकत घेतला. आता तो बिल्डरकडे चाललाय, पावसाळा संपला की पाडणार. वाडा मूळचा एका पेशवाई सरदाराचा, असं घरात सांगत आलेत. त्यात तथ्य किती? आणि आजोबांच्या आधी व नंतर तिथे कोण कोण राहून गेलं, हे आता कळू शकेल का?

बऱ्यापैकी कळेल. मात्र तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत. वाड्याचे मालक कोण, हा एक. वाड्यात राहत कोण होतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरकारी दप्तरात ओळीने लावलेलं सापडतं. दुसऱ्याचं उत्तर विखुरलेलं असतं आणि बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत. मी वकिलाच्या ऑफिसात सर्च रिपोर्ट लिहायला लागलो त्याला एकतीस वर्षं झाली. वकिलाला मागच्या तीस वर्षांत मिळकतीवर बोजा आहे का, एवढंच हवं असतं. मला त्याच्या मागचं वाचायची खोड लागली, मोडी शिकलो, आणि हळूहळू लक्षात आलं की पेठांमधल्या वाड्यांमध्ये मालकांपेक्षा बिऱ्हाडकरूंनी जास्त वर्षं काढली आहेत.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घ्या. सदाशिव पेठेतला विंचूरकर वाडा. नाव सरदारांचं, पण लोक तो ओळखतात टिळकांमुळे. टिळक तिथे राहत होते, १८९२ मध्ये विवेकानंद पुण्यात आले तेव्हा टिळकांकडेच उतरले होते. आता केवळ मालकीचे कागद लावून बसलात तर विंचूरकरच दिसत राहतील, टिळक कुठेच यायचे नाहीत. पुढे १९०५ मध्ये टिळकांनी बडोद्याच्या गायकवाडांकडून नारायण पेठेतला वाडा घेतला. तो आज केसरीवाडा म्हणून माहीत असला तरी जुने पुणेकर कितीतरी वर्षं त्याला गायकवाड वाडाच म्हणत. वाड्याचं नाव हा वाड्याचा इतिहास नसतो. मालक बदलून दोन पिढ्या गेल्या तरी नाव चिकटून राहतं, आणि कधी भाडेकरूचं नाव मालकाच्या नावावर मात करतं.

तर कामाला सुरुवात. नेहमी आजपासून मागे जायचं. पेशवाईतून खाली यायला निघालात तर पहिल्याच वळणावर चुकाल, कारण तो सरदार याच जागेचा होता हे अजून ठरलेलंच नाही.

पहिला कागद मिळकत पत्रिका, ज्याला सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात. सिटी सर्व्हे नंबर दिला की नगर भूमापन कार्यालयातून नक्कल मिळते. वरच्या भागात क्षेत्र, सत्ता प्रकार, सुविधाधिकार आणि मूळ धारक. खाली तारीखवार फेरफार: धारक बदलला, पट्टेदार आला, भार चढला, उतरला. लोक फक्त शेवटची ओळ वाचतात. तुम्ही ‘मूळ धारक’ वाचा, कारण पहिल्या मोजणीच्या वेळी कब्जात कोण होतं ते तिथे लिहिलेलं असतं. मग त्याच नंबरची चौकशी नोंदवही मागा. हा खरा ऐवज. मोजणी करताना अधिकाऱ्याने धारकाला विचारलेलं असतं की ही जागा तुझ्याकडे आली कशी, आणि त्याने दिलेलं उत्तर तिथे एक-दोन ओळींत असतं: वडिलोपार्जित, खरेदी अमुक साली, वाटणीने, बक्षीसपत्राने. त्या वेळी धारकांना सनदही मिळत असे. घरातली ट्रंक उघडा, जाड कागदावरची, नकाशा काढलेली सनद बऱ्याचदा लग्नपत्रिकांच्या खाली सापडते.

एक सावधगिरी. सिटी सर्व्हे नंबर आणि जुना नगरपालिकेचा घर नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या खतात ‘घर नंबर ३१२’ लिहिलं असेल आणि आज तुमचा सिटी सर्व्हे नंबरही योगायोगाने तसाच काही असेल, तर जुळलं म्हणून नाचू नका. दोन्ही नंबर एकाच कागदावर लिहिलेले दिसेपर्यंत काही जुळलेलं नसतं. मी स्वतः एकदा तीन आठवडे शेजारच्या वाड्याचा इतिहास लिहीत होतो.

यानंतर दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या स्थावर दस्तांची यादी, बोलीतली इंडेक्स टू. १९०८ च्या नोंदणी कायद्याने स्थावराची सूची कोणालाही फी भरून पाहता येते, त्यासाठी मालक असण्याची गरज नाही. आजोबांचं खरेदीखत सापडलं की त्याची पूर्ण नक्कल घ्या, सूचीच्या ओळीवर भागवू नका. कारण माहिती खताच्या मजकुरात असते. ‘सदरहू घर आमचे तीर्थरूपांनी अमक्याकडून खूषखरेदीने घेतले’ या एका वाक्यात एक पिढी मागे जाता येतं. आणि चतुःसीमा! पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस बोळ, पश्चिमेस सार्वजनिक हौद. तुमचा धागा तुटला तर शेजाऱ्याच्या खतात तुमच्या वाड्याच्या मालकाचं नाव त्याची सीमा म्हणून आलेलं असतं. अडलेली किती तरी प्रकरणं मी शेजाऱ्यांच्या कागदांवरून सोडवली आहेत.

खरेदीखत सापडलं तरी घाई नको. जुन्या काळी कर्ज काढायचं ते मुदतखरेदीने: घर विकल्याचं खत करायचं, मुदतीत पैसे फेडले तर घर परत. बऱ्याचदा त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर भाडेचिठ्ठीही लिहिली जायची, की विकणाराच त्या घरात भाडेकरू म्हणून राहील. भाडं म्हणजे खरं तर व्याज. कागदावर मालक बदलला, पण तुळशीपुढे दिवा लावणारी बाई तीच होती. म्हणून खरेदीखताच्या पुढचा-मागचा दस्तही वाचायचा.

मागे जाल तसा हात मोडीला, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या जलद लिपीला, लागेल. मोडी वाचून देणारे पुण्यात आहेत, पण दोन गोष्टी स्वतःला माहीत असलेल्या बऱ्या. एक, पेठांची जुनी नावं. तुमची शनिवार पेठ जुन्या कागदात ‘पेठ मुर्तजाबाद’ असते. शुक्रवार म्हणजे विसापूर, रविवार म्हणजे मलकापूर, बुधवार म्हणजे मोहियाबाद, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ. हे माहीत नसेल तर समोरचा कागद आपला नाही म्हणून बाजूला ठेवाल. दुसरी, सन. पेशवाईतले कागद बहुधा शुहूर सनात, म्हणजे अरबी अंकनावांच्या जुन्या सनात, आणि तेही शब्दांत. ‘इहिदे समानीन मया व अलफ’ म्हणजे एक, ऐंशी, शंभर आणि हजार: ११८१. त्यात मृग नक्षत्रापासून (जूनच्या सुमारास) डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवायचे, म्हणजे १७८०-८१. फसली (महसुली सन) असेल तर ५९०-५९१, शक असेल तर ७८. इंग्रजी अमलातल्या कागदांत फसली आणि इसवी सन एकाच पानावर भेटतात, तिथे दहा मिनिटं जास्त द्या.

आता सरदाराबद्दल. दर दहा वाड्यांमागे आठांना एक सरदार असतो. त्यातले फार थोडे कागदावर टिकतात, आणि जे टिकत नाहीत ते खोटं बोलत होते असंही नाही. जागा सरदाराला इनाम मिळालेली असते आणि घर त्याच्या कारकुनाने किंवा उपाध्यायाने बांधलेलं असतं, किंवा मूळ मोठ्या वाड्याचं मागचं परसू तुकडे पाडून विकलेलं असतं आणि त्या तुकड्यावर तुमचा वाडा उभा असतो. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर पुण्यातल्या कित्येकांचं उत्पन्नच थांबलं. मोठे वाडे गहाण पडले, सावकारांकडे गेले, काहींत शाळा भरल्या. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये सुरू झालं ते तुमच्याच शनिवार पेठेत, गद्र्यांच्या वाड्यात. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात तो गेल्यावर तीन-चार वर्षांतच, १८२१ मध्ये, संस्कृत पाठशाळा आली. त्यामुळे ‘सरदाराचा वाडा’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो: सरदाराची जागा, सरदाराचं बांधकाम, की सरदाराच्या सावकाराचा वाडा?

याची तड लावायची तर पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर. तिथे कोट्यवधी कागद आहेत, म्हणून ‘आमच्या वाड्याचं काही आहे का’ असं विचारत जाऊ नका. नाव, पेठ आणि अंदाजे साल घेऊन जा. पेशवाईत शहरातल्या घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद कोतवालाकडे होत असे, आणि घरपट्टीसाठी पेठवार घरझाडे, म्हणजे घरांच्या याद्या, केलेले असत. तुमचं घर त्या यादीत सापडलं तर नशीब. १८५२ च्या इनाम कमिशनच्या कायद्यानंतर ज्यांची इनामं तपासली गेली, त्यांच्या वंशावळीही त्या निमित्ताने कागदावर आल्या. सरदार खरा निघाला तर बहुधा तिथेच निघेल. शिवाय भारत इतिहास संशोधक मंडळात खासगी घराण्यांची दप्तरं आहेत. आणि गो. स. सरदेसायांनी छापलेले पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड आधी चाळा, मूळ कागदांकडे नंतर वळा.

मालक झाले. माझ्या दृष्टीने खरी मजा पुढे आहे.

भाडेकरूंचा इतिहास ठेवला तो करखात्याने आणि कोर्टाने. पुण्यात घरपट्टी वार्षिक भाड्याच्या हिशेबाने बसत आली. म्हणून आकारणीच्या नोंदवहीत मालकाशेजारी भोगवटादाराचं, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचं, नाव लागतं, कधी खोलीनिहाय, भाड्यासकट. दर काही वर्षांनी नवी आकारणी झाली की वाड्याची जणू शिरगणतीच व्हायची. जुनी पुस्तकं सगळी मिळतील असं नाही, पण घरात घरपट्टीच्या जुन्या पावत्या आणि आकारणीच्या नोटिसा असतील तर एकही टाकू नका.

आणि कोर्ट. माझा अनुभव असा की जे घर गुण्यागोविंदाने नांदलं त्याचा इतिहास सापडत नाही. भांडण झालं असेल तर मात्र काहीच झाकून राहत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० या दिवशी खोली कितीला दिली होती, हे पाहिलं जायचं. त्यामुळे पुढे कधीही, अगदी १९७० मध्ये भाड्याचा दावा लागला तरी दोन्ही बाजू १९४० सालात जाऊन पुरावे आणायच्या: तेव्हा या खोलीत कोण होतं, किती भाडं देत होतं, पावती कुठे आहे. दुसरं असं की भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेहक्क मिळे. तो सिद्ध करायला रेशनकार्डं, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका कोर्टात दाखल व्हायच्या. शिवाय कोर्ट कमिशनरचा पंचनामा: ‘ओसरीच्या उत्तरेकडील खणात लाकडी फळ्यांचे पार्टिशन, पलीकडे स्वयंपाकाची जागा, मोरी सामाईक.’ कोणत्याही वास्तुविशारदाने त्या घराचं यापेक्षा खरं वर्णन केलेलं नाही. आजोबांनी किंवा वडिलांनी लघुवाद न्यायालयात कोणावर दावा केला होता का, घरात विचारा. कोर्ट सगळे कागद कायमचे ठेवत नाही, पण वकिलाची फाईल घरात असते. लाजू नका. ती हरलेली केस असली तरी चालेल, उलट हरलेल्या केसची फाईल जाड असते.

या कायद्याचा दुसरा परिणाम तुम्ही डोळ्यांनी पाहिलाच असेल. भाडं चाळीस साली गोठलं, दुरुस्तीचा खर्च गोठला नाही. मालक म्हणे पंधरा रुपयांत कौलं कशी शाकारू, भाडेकरू म्हणे गळतं घर सोडून जाऊ कुठे. दोघंही खरे होते. १९९९ चा नवा कायदा आला तोवर पेठांमधल्या बऱ्याच वाड्यांच्या तुळयांना वाळवी लागून गेली होती.

बिऱ्हाडं आली कुठून, हेही विचारायला हवं. यादीत नावं लागली की सालं बघा. १८९७ च्या प्लेगात माणसं घरं सोडून शहराबाहेर झोपड्या बांधून राहिली. त्या वर्षांच्या मृत्युनोंदी नगरपालिकेच्या नोंदवहीत पेठवार पाहिल्या की एकाच घरातली दोन-तीन नावं लागोपाठ येतात, आणि पुढे त्या घराचं खरेदीखत होतं ते विधवेने किंवा दिराने केलेलं. १९४८ नंतर गांधीहत्येच्या वेळची जाळपोळ आणि कुळकायदा, या दोन्हींमुळे गावाकडची बरीच ब्राह्मण कुटुंबं पुण्याला आली आणि एका खोलीत सात-आठ जण राहू लागली. आणि १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांत, तुमच्या शनिवारातही, पाणी शिरलं. त्या तारखेला अनेक याद्या एकदम तुटतात. भाडेकरूचं नाव १९६० मध्ये आहे आणि १९६२ मध्ये नाही, तर तो मेला असं धरू नका. गोखलेनगर, लोकमान्यनगर इथल्या पूरग्रस्तांच्या घरांत त्याची मुलं सापडू शकतात. मला एका वाड्याचा १९४० चा आतला नकाशा असाच मिळाला. मालकाकडचे सगळे कागद पुरात गेले होते, पण भाडेकरूच्या मुलीने आठवणीने काढून दिला, बळदाच्या (धान्य साठवायच्या जागेच्या) झाकणासकट.

बायकांबद्दल वेगळं सांगतो, कारण मिळकत पत्रिकेत त्या दिसत नाहीत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वाटणीपत्रात एखादं कलम असतं: ‘काकूंनी हयातीपर्यंत माजघरामागील खोलीत राहावे, त्यांस सालिना इतके रुपये अन्नवस्त्राप्रीत्यर्थ द्यावे.’ वाड्यात चाळीस वर्षं राहिलेल्या बाईचा तेवढाच पुरावा. आणि नंतरच्या काळात हक्कसोडपत्रं पाहा. मुलींची नावं, सासरची आडनावं आणि पत्ते पहिल्यांदा तिथे एकत्र येतात. हक्क सोडून देताना का होईना, त्यांची सही कागदावर येते. वंशावळ पूर्ण करायला याहून चांगला कागद नाही.

शेवटचा साक्षीदार स्वतः वाडा, आणि तो पावसाळ्यानंतर नसेल. म्हणून खरं तर त्याच्यापासूनच सुरुवात करा. बांधकाम वरून खाली वाचायचं. मंगलोरी कौलं उलटी करून शिक्का बघा. पण बासेल मिशनच्या कौलावर १८६५ दिसलं म्हणून वाडा १८६५ चा ठरवू नका. ते त्यांचा मंगळूरचा कारखाना निघाल्याचं साल, कौल त्यानंतर कधीही चढलेलं असू शकतं. त्यावरून एवढंच ठरतं की छप्पर त्याहून जुनं नाही. लोखंडी गर्डरवर नाव कोरलेलं असेल तर फोटो घ्या. भिंतीत पातळ विटा, चुना आणि वरच्या मजल्यावर जाड विटा-सिमेंट असेल तर मजला मागाहून चढवलाय. सुरूच्या आकाराचे नक्षीदार खांब चौकात आहेत आणि मागच्या सोप्यात साधे चौकोनी, तर दोन भाग दोन हातांनी बांधले आहेत, आणि सरदाराची गोष्ट खरी असली तरी ती पुढच्या भागापुरती खरी असेल. पाण्याची जागा बघा: विहीर आहे की हौद? शहराच्या हौदांना नानासाहेबांच्या काळात कात्रजहून आणलेल्या नळाचं पाणी होतं. वाड्यात त्या पाण्याचा खासगी हौद असेल तर मूळ मालक वजनदार होता, हा सरदाराच्या बाजूने माझ्या लेखी सगळ्यात चांगला पुरावा. खण, म्हणजे दोन तुळयांमधली जागा, मोजा. जुन्या खतात ‘सात खणी दुमजली’ लिहिलेलं असतं. आज नऊ खण भरले तर दोन कधी वाढले ते शोधता येतं.

दारांच्या मागे, कोनाड्यांत, जिन्याखाली हात आणि बॅटरी फिरवा. पोरांच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा, दुधाचा हिशेब, इलेक्ट्रिकच्या मीटरवर रंगवलेली भाडेकरूंची आडनावं. मीटरांच्या फळीचा एक फोटो म्हणजे त्या वाड्याची शेवटची यादी.

पावसाळा संपायला तीन-चार महिने आहेत असं धरतो. पहिले दोन रविवार फक्त मोजमाप आणि फोटो, प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, जमीन, छत. मधले दिवस मिळकत पत्रिका, चौकशी नोंदवही आणि आजोबांच्या खरेदीखताची नक्कल. या तिन्हींचे अर्ज एकाच दिवशी टाका. जे बिऱ्हाडकरू अजून आहेत त्यांच्याकडे एकेक संध्याकाळ बसा, पण बिल्डरबरोबरचा करारनामा होऊन त्यांच्या जागेचं काय ते ठरल्यावर. त्याआधी गेलात तर तुम्ही विचाराल ‘तुम्ही कधीपासून राहता?’ आणि त्यांना वाटेल तुम्ही पुरावा गोळा करताय. पुराभिलेखागार थांबू शकतं, ते कुठे जात नाही. आणि बिल्डरच्या माणसाला आत्ताच सांगून ठेवा की दिंडी दरवाजा, चौकातला एक खांब आणि हौदाचा दगड ट्रकमध्ये टाकायच्या आधी तुम्हाला फोन करायचा.